डॉक्टरसाहेब दिल्लीला जातात तेव्हा

खान्देशात लोकसभेच्या चार जागा: जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबार. २०१४ ते २०२४ अशी सलग दहा वर्षं यांतल्या दोन जागांवर डॉक्टर होते. धुळ्याला कॅन्सर सर्जन डॉ. सुभाष भामरे, नंदुरबारला एमडी झालेल्या डॉ. हीना गावित. त्याआधी १९९८ मध्ये जळगावातून डॉ. उल्हास पाटील लोकसभेत गेले होते. ती लोकसभाच तेरा महिन्यांत आटोपली, त्याला ते तरी काय करणार! आणि २०२४ मध्ये ज्यांनी भामरेंना हरवलं, त्या शोभा बच्छाव यांच्याही नावापुढे ‘डॉ.’ आहेच.

यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर असं: डॉक्टरला गावोगाव ओळखतात, हाताला गुण असतो, गरिबाचं बिल सोडलेलं असतं, मग मतं पडणारच. हे खोटं नाही, पण निम्मंच खरं आहे. उरलेलं निम्मं मतदारसंघाच्या नकाशात, पक्षाच्या गणितात आणि दिल्लीतल्या फायलींमध्ये असतं. तिथे डॉक्टरकीचा उपयोग आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच कमी होतो.

आधी दवाखान्याचं बघू, कारण सुरुवात तिथूनच होते. धुळ्यातल्या कुठल्याही मोठ्या सर्जनच्या ओपीडीत सकाळी बसा. साक्री, शिरपूर, शिंदखेडा, नवापूर, कुठून कुठून एसटीने आलेली माणसं असतात. पेशंट एक, सोबत चार. प्लॅस्टिकच्या पिशवीत जुने रिपोर्ट, दुसऱ्या पिशवीत कळण्याची भाकरी आणि ठेचा. पाचवा माणूस गावाकडे असतो आणि तो कापसाचे पैसे कधी हातात येतील याच्या मागे असतो. ऑपरेशन नीट झालं, की या पाचही जणांच्या बोलण्यात पुढची दहा वर्षं ‘तो ते आमना डाक्टर शे’ हे वाक्य येत राहतं. कुठल्या गावचा सरपंच कोण, कुणाचं कुणाशी पटत नाही, कुठली विहीर आटलीय, हे डॉक्टरला तालुक्याच्या पुढाऱ्याइतकंच कळतं, कारण तपासणीच्या टेबलावर माणूस सगळं बोलतो. अशी ओळख पैसे देऊन विकत मिळत नाही.

आता जरा आकडेमोड करू. समजा एखादा डॉक्टर रोज पन्नास पेशंट बघतो, वर्षाचे तीनशे दिवस, अशी तीस वर्षं. झाल्या साडेचार लाख भेटी. त्यांतले अर्धेअधिक पुन्हा पुन्हा येणारे, बरेच शेजारच्या जिल्ह्यातले, काही मतदार यादीत नसलेले. धुळे लोकसभा मतदारसंघात वीस लाखांच्या आसपास मतदार आहेत, आणि २०२४ मध्ये जिंकायला ५ लाख ८३ हजार ८६६ मतं लागली. म्हणजे अख्खी हयात ओपीडीत घालवून, प्रत्येक पेशंटने मत दिलं असं धरलं, तरी गणित जुळत नाही. दवाखान्याच्या जोरावर नगरपालिका मारता येईल, विधानसभेला टक्कर देता येईल. लोकसभेला पक्षाचं चिन्ह, बूथवरची माणसं आणि वारं लागतं.

नकाशाची भानगड तर आणखी मजेदार आहे. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेआधी धुळे लोकसभा अनुसूचित जमातींसाठी राखीव होती. २००९ च्या निवडणुकीपासून ती खुली झाली. म्हणजे बिगर-आदिवासी डॉक्टरला, कितीही लोकप्रिय असला तरी, त्याआधी तिथून उभंच राहता आलं नसतं. या पुनर्रचनेनंतर साक्री आणि शिरपूर हे धुळे जिल्ह्यातले विधानसभा मतदारसंघ नंदुरबार लोकसभेत आहेत, आणि धुळे लोकसभेत धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा यांच्या जोडीला नाशिक जिल्ह्यातले मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण आहेत. भामरेंचं घराणं साक्री तालुक्यातलं. त्यांच्या मातोश्री गोजरबाई भामरे साक्रीच्या काँग्रेसच्या आमदार होत्या. पण मुलगा भाजपकडून लोकसभेला उभा राहिला तेव्हा साक्री त्यांच्या मतदारसंघातच नव्हतं! ज्या माणसांनी आईला मत दिलं, त्यांना मुलाला मत देता येत नव्हतं. कायद्याने मात्र यात काहीच अडचण नाही. देशात कुठेही मतदार यादीत नाव असलं आणि वय पंचवीस पूर्ण असलं, की लोकसभेच्या कुठल्याही खुल्या जागेवरून उभं राहता येतं. डॉक्टर सरकारी नोकरीत असेल तर आधी राजीनामा द्यावा लागतो, खासगी प्रॅक्टिस असेल तर तेही नाही.

आईचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो. ‘डॉक्टर राजकारणात आला’ असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा राजकारणातल्या घरातला पोरगा किंवा पोरगी डॉक्टर झालेली असते. भामरेंच्या घरात आमदारकी होऊन गेली होती. हीना गावित यांचे वडील डॉ. विजयकुमार गावित १९९५ पासून नंदुरबारचे आमदार, पुढे मंत्री, आणि तेही डॉक्टरच. २०१४ मध्ये हीना गावित लोकसभेला उभ्या राहिल्या तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या आणि समोर काँग्रेसचे माणिकराव गावित होते, जे नंदुरबारातून नऊ वेळा लोकसभेवर गेले होते. सव्वीस वर्षांच्या मुलीची प्रॅक्टिस ती काय असणार? त्या निवडणुकीत लाट होती, वडिलांचं जाळं होतं आणि शिकलेली आदिवासी मुलगी म्हणून कौतुक होतं. डॉक्टरकी त्या कौतुकात मोडते, मतांच्या हिशोबात ती वेगळी काढून दाखवणं अवघड आहे.

निवडून आल्यावर पहिला धक्का बसतो तो राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टाचा. त्यात केंद्राची कामं कोणती, राज्याची कोणती, दोघांची कोणती, याच्या तीन याद्या आहेत. सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने हा विषय राज्यांच्या यादीत आहे. वैद्यकीय शिक्षण दोघांच्या सामाईक यादीत. म्हणजे धडगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, अक्राणीत पावसाळ्यात गरोदर बाईला बांबूच्या झोळीतून खाली आणावं लागतं, हे प्रश्न घेऊन लोक खासदाराकडे जातात खरे, पण डॉक्टरची बदली, पदभरती, रुग्णवाहिका हे सगळं जिल्हा परिषद आणि मुंबईच्या मंत्रालयाच्या अखत्यारीत. केंद्र पैसे देतं. राष्ट्रीय आरोग्य अभियानात महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा साठ टक्के आणि राज्याचा चाळीस. केंद्र कार्यक्रमही आखतं. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरी आहे, त्याच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झालं आणि २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. खासदार डॉक्टर असेल तर अशा बाबतीत प्रश्न नेमका विचारू शकतो, अधिकाऱ्याचं गोलमाल उत्तर त्याला लगेच कळतं. पण आदेश काढणं त्याच्या हातात नसतं.

मग खासदार डॉक्टर असल्याचा सामान्य माणसाला थेट फायदा कुठे होतो? माझ्या मते एका कागदावर. पंतप्रधान राष्ट्रीय मदतनिधी. हृदयाचं ऑपरेशन, किडनी, कॅन्सर अशा मोठ्या आजारांसाठी यातून मदत मिळते, आणि अर्जाला खासदाराचं शिफारसपत्र जोडलं तर तो वजनदार होतो. खासदाराच्या संपर्क कार्यालयात सोमवारी सकाळी जी गर्दी दिसते, त्यात हे लोक बरेच असतात. लागतं काय, तर दोन फोटो, रहिवासाचा पुरावा, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि दवाखान्याने दिलेलं मूळ एस्टिमेट, ज्यावर आजाराचं नाव आणि खर्चाचा अंदाज स्पष्ट असला पाहिजे. गाडी अडते ती या शेवटच्या कागदावर. दवाखाना त्या निधीच्या यादीतला नसतो, किंवा एस्टिमेट मूळ नसून झेरॉक्स असते, किंवा ऑपरेशन उरकल्यावर अर्ज आणलेला असतो. स्वीय सहायकाला हे कळायला दोन फेऱ्या लागतात. डॉक्टर खासदार कागद हातात घेऊन तिथल्या तिथे सांगू शकतो की, दादा, हे एस्टिमेट अपुरं आहे, आधी त्या सर्जनला अमुक लिहून मागा. पैसे पेशंटच्या हातात येत नाहीत, थेट दवाखान्याला जातात, आणि सगळा खर्च कधीच भागत नाही. तरीही घरातली म्हैस विकायची वाचते.

खासदार निधीबद्दलही एक गैरसमज आहे. वर्षाला पाच कोटींचा हा निधी खासदाराच्या खिशात येत नाही. तो कामं सुचवतो, मंजुरी आणि खर्च जिल्हा प्रशासन करतं. आणि खासदार किंवा त्याचे नातेवाईक ज्या संस्थेचे पदाधिकारी किंवा विश्वस्त आहेत तिला या निधीतून काही देता येत नाही. डॉक्टर खासदाराचा स्वतःचा ट्रस्ट-दवाखाना असेल, तर तो बाहेरच राहिला.

आता मंत्रिपद. ५ जुलै २०१६ ला भामरे केंद्रात राज्यमंत्री झाले आणि खातं मिळालं संरक्षण. धुळ्यात तेव्हा फटाके फुटले आणि चहाच्या टपरीवर एक प्रश्नही फिरला: कॅन्सरच्या डॉक्टरला तोफांचं काय काम? प्रश्न रास्त आहे, पण तो मंत्रिमंडळ कसं बनतं हे न कळल्यामुळे पडतो. घटनेप्रमाणे मंत्र्यांची संख्या लोकसभेच्या एकूण जागांच्या पंधरा टक्क्यांहून जास्त असू शकत नाही. ५४३ जागा, म्हणजे जास्तीत जास्त ८१ मंत्री. एवढ्यात सगळी राज्यं, समाज, विभाग, मित्रपक्ष आणि गटतट बसवायचे असतात. आधी माणूस ठरतो, मग त्याला खातं मिळतं. बालशल्यचिकित्सक असलेले संभाजीनगरचे डॉ. भागवत कराड २०२१ मध्ये अर्थ राज्यमंत्री झाले ते याच पद्धतीने. उलट उदाहरणही शेजारचंच आहे. त्याच वेळी दिंडोरीच्या डॉ. भारती पवार आरोग्य राज्यमंत्री झाल्या. डॉक्टरला आरोग्य खातं मिळालं की आपल्याला बरं वाटतं, पण तसा काही नियम नाही.

राज्यमंत्री म्हणजे काय, हेही सांगायला हवं, कारण आपल्याकडे सगळ्यांना ‘मंत्री’च म्हणतात. कॅबिनेट मंत्री खात्याचा मालक. राज्यमंत्र्याकडे तो वाटून देईल तेवढंच काम. मंत्रिमंडळाच्या बैठकीला राज्यमंत्री बोलावल्याशिवाय बसत नाही. भामरेंच्या तीन वर्षांत त्यांच्यावरचे कॅबिनेट मंत्री तीन बदलले: मनोहर पर्रीकर, मग अरुण जेटली, मग निर्मला सीतारामन. वरचा माणूस बदलला की खालच्याच्या फायलीही बदलतात. राज्यमंत्र्याचं हमखास काम म्हणजे संसदेत उत्तरं देणं. लोकसभेत एका दिवसाला वीस तारांकित प्रश्न असतात, त्यांची तोंडी उत्तरं द्यावी लागतात, आणि २३० अतारांकित, ज्यांची उत्तरं लेखी. संरक्षण खात्याला प्रश्न काय कमी येतात? वन रँक वन पेन्शन, कँटोन्मेंटच्या जमिनी, सैनिकी शाळा, दारूगोळा, सगळं.

आणि इथे भामरेंच्या कारकिर्दीतला मला सगळ्यात रोचक वाटणारा भाग येतो, ज्याबद्दल धुळ्यात फारसं कुणी बोलत नाही. संरक्षण खरेदीला उशीर का होतो, याचा एक अंतर्गत अहवाल त्यांनी तयार केला होता आणि २०१८ च्या सुरुवातीला तो बातम्यांत आला. त्यात म्हटलं होतं की, आधीच्या तीन आर्थिक वर्षांतल्या १४४ प्रस्तावांपैकी ठरलेल्या मुदतीत पूर्ण झाले ते अवघे आठ ते दहा टक्के. कारणं काय, तर एकाच कामावर अनेक विभागांचा अंमल, मंजुरीचे थरावर थर, आणि अखेरची जबाबदारी कुणा एकाची नाही. मंत्र्याने आपल्याच खात्याबद्दल असं लिहिणं दुर्मीळच. सर्जनला ही सवय असते. पेशंट दगावला तर चांगल्या दवाखान्यात सगळे डॉक्टर बसून कुठल्या टप्प्याला काय चुकलं हे तपासतात, आणि त्यात मोठ्या डॉक्टरचंही नाव घेतलं जातं. तो अहवाल मला त्या जातीचा वाटतो. फरक एवढाच की दवाखान्यात पुढच्या आठवड्यात पद्धत बदलता येते. मंत्रालयात राज्यमंत्र्याचा अहवाल ही आणखी एक फाइल ठरते.

लोकांच्या लक्षात मात्र वेगळीच गोष्ट राहिली. सप्टेंबर २०१६ च्या अखेरीला धुळे तालुक्यातल्या बोरविहीरचा एक जवान नियंत्रण रेषा ओलांडून पाकिस्तानच्या हाती सापडला. सर्जिकल स्ट्राइकचेच ते दिवस. संरक्षण राज्यमंत्री त्याच जिल्ह्याचे, त्यामुळे गावाची सगळी आशा त्यांच्यावर. दोन्ही देशांच्या लष्करी कारवाई महासंचालकांमधल्या बोलण्याचं पुढे काय झालं, हे भामरे वेळोवेळी सांगत राहिले. २१ जानेवारी २०१७ ला जवान परत आला. अशा सुटकेत राज्यमंत्र्याचा वाटा किती आणि लष्कराचा, परराष्ट्र खात्याचा किती, हे बाहेरून मोजता येत नाही. बोरविहीरला ते मोजायची गरजही नव्हती.

खासदाराचं प्रगतिपुस्तक वाचताना एक चूक हमखास होते. कुणी किती प्रश्न विचारले, किती हजेरी लावली, याचे तक्ते निवडणुकीआधी व्हॉट्सॲपवर फिरतात. मंत्री संसदेत प्रश्न विचारत नाही, हजेरीपटावर सही करत नाही आणि खात्यांवर देखरेख ठेवणाऱ्या स्थायी समित्यांचा सदस्यही होऊ शकत नाही. तेव्हा २०१६ ते २०१९ या काळात भामरेंच्या नावापुढे प्रश्न शून्य दिसले तर ते आळशी होते असा अर्थ काढायचा नाही. त्याउलट हीना गावित दहाही वर्षं साध्या खासदार होत्या, प्रश्न भरपूर विचारायच्या, संसदरत्न पुरस्कारही त्यांना मिळाला. २०२४ मध्ये त्या काँग्रेसच्या गोवाल पाडवींकडून दीड लाखाहून जास्त मतांनी हरल्या. संसदेतली कामगिरी आणि मतपेटी यांचा संबंध किती पातळ असतो, ते नंदुरबारइतकं स्पष्ट क्वचितच दिसतं.

मोठ्या प्रकल्पांचं श्रेय हा आणखी एक गुंता. १६ फेब्रुवारी २०१९ ला, पुलवामाचा हल्ला होऊन दोनच दिवस झाले होते तेव्हा, पंतप्रधान धुळ्यात आले आणि सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा सिंचन योजनेचं भूमिपूजन झालं. पावसाळ्यात तापीचं वाहून जाणारं पाणी उचलायचं, धरणं-तलाव भरायचे आणि शंभर गावांतली ३३ हजार हेक्टरहून जास्त जमीन भिजवायची, अशी ती योजना. शिंदखेड्यासारख्या कोरड्या तालुक्याला याचं मोल वेगळं सांगायला नको. मनमाड-इंदूर रेल्वे हे तर धुळ्याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं स्वप्न. भामरेंनी दहा वर्षं तिचा पाठपुरावा केला, प्रत्येक निवडणुकीत ती भाषणात आली. केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या त्या मार्गाला मंजुरी दिली सप्टेंबर २०२४ मध्ये, म्हणजे भामरे हरल्यावर तीन महिन्यांनी. खर्च अठरा हजार कोटींच्या वर. प्रकल्पाचं वय पंधरा-वीस वर्षं, खासदारकीचं पाच, तेव्हा नारळ फोडणारा एक आणि गाडीला झेंडा दाखवणारा दुसरा, असंच होणार.

तो पराभवही नीट समजून घेण्यासारखा आहे. २०१४ ला भामरे १ लाख ३० हजारांनी जिंकले, २०१९ ला २ लाख २९ हजारांनी. २०२४ ला सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत ते पुढे होते. एकट्या मालेगाव मध्यने बच्छावांना १ लाख ९४ हजारांच्या आसपास आघाडी दिली आणि निकाल ३,८३१ मतांनी फिरला. यावर राजकीय चिखलफेक खूप झाली, ती इथे उगाळत नाही. पण दवाखान्याच्या दृष्टीने बघा. मालेगावचा विणकर धुळ्याला उपचाराला येतोही, डॉक्टरला दुवाही देतो. मत देताना तो पक्ष बघतो. यात त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. डॉक्टर पक्षाच्या चिन्हावर उभा राहिला तेव्हा त्यानेच लोकांना पक्ष बघायला सांगितलेलं असतं.

हीना गावित लोकसभा हरल्यानंतर सहा महिन्यांच्या आत अक्कलकुव्यातून विधानसभेला अपक्ष उभ्या राहिल्या आणि तिथेही हरल्या. वडील त्याच निवडणुकीत शेजारच्या नंदुरबारातून पुन्हा निवडून आले. दिल्लीहून अक्कलकुव्याला येणं म्हणजे खाली उतरणं, अशी चर्चा तेव्हा झाली. आरोग्यापुरतं बघितलं तर ते उलट आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर हजर का नाही, हा प्रश्न मंत्र्याला सभागृहात उभं करून विचारायचा असेल, तर ते सभागृह मुंबईत आणि नागपुरात भरतं.